पेपर टाकण्याआधी

"मी पेपर टाकतोय" हे वाक्य डोंबिवली-कल्याणच्या घरात बहुधा रात्रीच्या जेवणाला येतं. मुलगा किंवा मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असते, नोकरीला लागून आठ-दहा महिने झालेले असतात. आई विचारते, "दुसरीकडे मिळालंय का?" वडील काही बोलत नाहीत, कारण त्यांनी एकाच कंपनीत पंचवीस वर्षं काढलेली असतात. मोबाइलवर मात्र मुलांना रोज सांगितलं जातं की पहिली नोकरी लवकर सोडा, जितक्या उड्या माराल तितका पगार वाढेल. या सल्ल्यात तथ्य किती आणि तो कुणाला लागू पडतो, हे तपासून पाहायला हवं.

वडिलांची भीती हवेतली नाही. कल्याणजवळ मोहन्याची नॅशनल रेयॉन, म्हणजे सगळ्यांची एनआरसी, २००९ च्या नोव्हेंबरमध्ये टाळेबंदीत गेली. हजारो कामगारांची देणी अडकली आणि त्यासाठीचा लढा पुढे कित्येक वर्षं चालला. ठाण्यात रेमंडची गिरणी होती, १९२५ सालची. आज त्या जागेवर निवासी टॉवर आहेत. वागळे इस्टेटमध्ये कारखान्यांच्या शेडच्या जागी आयटी पार्क उभे राहिले. ज्यांनी हे सारं जवळून पाहिलं, त्यांना हातची नोकरी सोडणं वेडेपणाचं वाटलं तर नवल नाही.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही बघायला हवी. एनआरसीच्या कामगारांनी धरसोड केलेली नव्हती. अनेकांनी उभी हयात तिथे काढली आणि कंपनीच बंद पडली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जवळपास बारा हजार कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्याची झळ मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला बसणार होती. ठाण्यात पोखरण रोडच्या यंत्रा पार्कपासून घोडबंदरच्या ऑलिम्पसपर्यंत या कंपनीची मोठी कार्यालयं आहेत, त्यामुळे ती बातमी इथल्या कितीतरी घरांत घरचीच होती. एका जागी वर्षानुवर्षं टिकून राहिलं म्हणजे सुरक्षित झालं, हे गणित आता तरी सोडून द्यायला हवं.

लवकर नोकरी बदलण्याच्या बाजूने भक्कम पुरावाही आहे. रॉबर्ट टोपेल आणि मायकेल वॉर्ड या अर्थशास्त्रज्ञांनी १९९२ साली अमेरिकेतल्या तरुण पुरुषांच्या नोकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या दहा वर्षांत सर्वसाधारण कामगार सात नोकऱ्या करतो आणि त्या काळातल्या त्याच्या पगारवाढीचा निदान एक तृतीयांश भाग नोकरी बदलण्यातून येतो, असं त्यांना आढळलं. कॅनडातल्या पदवीधरांवरचा २०१२ चा एक अभ्यास आपल्या मुलांच्या अधिक जवळचा आहे. मंदीच्या वर्षी पदवी घेणाऱ्यांचा पगार सुरुवातीला साधारण नऊ टक्क्यांनी कमी राहतो आणि ही तूट भरून यायला आठ-दहा वर्षं लागतात. ती भरून येते त्याचं एक मोठं कारण म्हणजे ही मुलं हळूहळू अधिक चांगल्या कंपन्यांत सरकतात. पडत्या काळात मिळेल ती नोकरी धरलेल्या मुलाने तिथेच रुतून बसावं, असा आग्रह धरणारे पालक नकळत त्याचं नुकसान करतात.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. हे अभ्यास एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत जाणाऱ्यांबद्दल आहेत. राजीनामा देऊन घरी बसणाऱ्यांना त्यांचा आधार घेता येत नाही. मोबाइलवरचे सल्लागार नेमका हाच फरक पुसून टाकतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक रोजगार अहवालानुसार २०२२ साली आपल्या देशातल्या तरुण पदवीधरांमध्ये बेकारीचं प्रमाण २९.१ टक्के होतं, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. ज्या बाजारात पदवीधरांचीच रांग सर्वांत लांब आहे, तिथे हातात ऑफर नसताना पेपर टाकणं म्हणजे त्या रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभं राहणं.

शिवाय बाजाराची हवा बदलते. २०२१-२२ मध्ये आयटीत मुलं दर वर्षी कंपनी बदलत होती आणि त्यांना घसघशीत हाइक मिळत होती. जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसमध्ये नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेलं होतं. मार्च २०२४ पर्यंत इन्फोसिस आणि टीसीएस दोन्हीकडे ते साडेबारा टक्क्यांच्या आसपास उतरलं. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, विप्रोने वर्षाला साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या नव्या मुलांना साडेतीन लाखांवर रुजू व्हाल का, असं विचारलं होतं. दोन वर्षांपूर्वी मोठ्या भावाला फळलेला सल्ला धाकट्या बहिणीला बुडवू शकतो. म्हणून मुलांनी आधी बाजारात खडा टाकून पाहावा. चालू नोकरीत राहून दोन-तीन मुलाखती दिल्या की आपल्याला आज किती मागणी आहे ते कळतं.

यात नोटीस पिरियडची अडचण येते हे खरं. बऱ्याच मोठ्या कंपन्या नव्वद दिवस मागतात आणि समोरच्या कंपनीला माणूस महिन्याभरात हवा असतो. त्यामुळे "आधी पेपर टाक, मग शोध" असं मित्र सांगतात. ज्याच्याकडे दोन-अडीच वर्षांचं चांगलं काम आहे त्याला हे एखाद वेळी जमून जातं. आठ महिन्यांच्या फ्रेशरने हा डाव खेळू नये. त्याच्याकडे दाखवायला अजून काम नसतं, आणि प्रत्येक मुलाखतीत "इतक्या लवकर का सोडली?" या एकाच प्रश्नाला उत्तर देत बसावं लागतं.

मग पहिल्या वर्षातच सोडावी अशी नोकरी नसतेच का? असते. पगार दोन-दोन महिने थकतो, ठरलेलं काम न देता भलत्याच कामाला जुंपलं जातं, खोटे आकडे भरायला लावले जातात, वरिष्ठ अंगचटीला येतात किंवा रोज अपमान करतात, तिथे एक दिवसही जास्त थांबू नये आणि पालकांनी थांबवू नये. अशा नोकरीत अडकलेल्या मुलीला "वर्ष तरी पूर्ण कर" असं सांगणं क्रूर आहे.

या पट्ट्यात आणखी एक कारण खरं असतं आणि ते घरात बोललं जात नाही: प्रवास. डोंबिवली ते सीएसएमटी अंतर सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटर. कल्याणहून ऐरोलीच्या आयटी पार्कला जायला थेट लोकल नाही, ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर पकडावी लागते. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये डोंबिवलीला आत शिरणं हेच एक काम असतं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरलेल्या लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. जाऊन-येऊन रोज साडेतीन तास असा प्रवास करून मूल "मला ही नोकरी झेपत नाही" म्हणतं, तेव्हा अनेकदा कामाशी त्याचं भांडण नसतं. राजीनाम्याआधी शिफ्ट बदलून मिळेल का, ठाणे किंवा ऐरोलीच्या ऑफिसात बदली होईल का, आठवड्यातून दोन दिवस घरून काम करता येईल का, हे लेखी विचारावं. नकार आलाच, तर पुढची नोकरी शोधताना घरापासूनचं अंतर पॅकेजइतकंच महत्त्वाचं मानावं. वर्षाला चाळीस हजार जास्त देणारी पण रोज दीड तास जास्त खाणारी नोकरी तेविसाव्या वर्षी महागच पडते, कारण नवं काही शिकण्याचा वेळ त्या दीड तासातच असतो.

बॉण्डबद्दल मुलांमध्ये मोठा गैरसमज आहे. "तो कोर्टात टिकत नाही, खुशाल सही कर" असं कॉलेजच्या कट्ट्यावर सांगितलं जातं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात निकाल दिला. हा अधिकारी २००७ मध्ये सीनियर मॅनेजर म्हणून रुजू झाला. तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरायचे, अशी अट त्याने मान्य केली होती. २००९ मध्ये तो दुसऱ्या बँकेत गेला. पैसे भरताना त्याने हरकत नोंदवली आणि तो कोर्टात गेला. कर्नाटक उच्च न्यायालयात तो जिंकला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने अट वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला भरतीची मोठी, खर्चीक प्रक्रिया राबवावी लागते आणि त्या पदाच्या पगाराच्या मानाने ही रक्कम अवाजवी नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. याचा अर्थ प्रत्येक खासगी कंपनीचा कसलाही बॉण्ड चालेल, असा होत नाही. रक्कम वाजवी आहे का हे पाहिलंच जातं. पण सही करण्याआधी कागद घरी आणून वाचावा, एखाद्या वकिलाला दाखवावा, आणि मूळ गुणपत्रिका किंवा पदवी कुणाच्याही ताब्यात देऊ नये.

पैशाचं थोडक्यात. नोकरी बदलताना पीएफ काढू नये, जुन्या यूएएनवरच पुढे न्यावा. सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी काढल्यास त्यावर कर लागू शकतो, आणि पीएफच्या पेन्शनसाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते. रक्कम पुढे नेली तर मागची वर्षंही धरली जातात. ग्रॅच्युइटीला साधारणपणे पाच वर्षं लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रम संहिता लागू झाल्यापासून ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना मात्र ती एका वर्षानंतरही मिळू शकते.

ठाण्यात एका वेगळ्या राजीनाम्याची परंपरा आहे, स्पर्धा परीक्षेसाठीच्या. महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था इथे १९८७ पासून आहे आणि दर वर्षी काही मुलं नोकरी सोडून या वाटेला लागतात. पुण्याच्या अर्चित डोंगरे यांनी इंजिनीअर झाल्यावर काही काळ आयटीत नोकरी केली, ती सोडली आणि यूपीएससीच्या २०२४ च्या परीक्षेत देशात तिसरा क्रमांक मिळवला. त्याआधीच्या खेपेला ते १५३ वे होते. त्यांचं यश खरंच मोठं आहे. पण त्याच परीक्षेसाठी ९,९२,५९९ अर्ज आले होते, पूर्वपरीक्षेला ५,८३,२१३ जण बसले आणि शिफारस झाली ती १,००९ जणांची. पहिला प्रयत्न नोकरी करत द्यावा, पूर्वपरीक्षा पार झाली तर सोडण्याचा विचार करावा, आणि किती प्रयत्न करायचे हे घरात बसून आधीच ठरवावं.

नोकरी सोडून मोठं काम उभं केलेल्या मराठी माणसांकडे पाहिलं, तर पुढची पायरी त्यांना आधीच दिसत होती असं लक्षात येतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत असतानाच सायकली घेऊन बेळगावला भावाकडे विक्रीला पाठवत होते. बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा बेळगावचा धंदा चालू होता. आनंद देशपांडे अमेरिकेत पीएचडी करून ह्युलेट-पॅकार्डच्या संशोधन प्रयोगशाळेत रुजू झाले आणि दीडेक वर्षातच परतून १९९० मध्ये त्यांनी पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली. एवढ्या लवकर सोडूनही त्यांचं बिघडलं नाही, कारण डेटाबेसमधलं पक्कं ज्ञान त्यांच्या गाठीशी होतं. आणि डोंबिवलीकर श. ना. नवरे यांनी मंत्रालयातली नोकरी कित्येक वर्षं सांभाळून कथा आणि नाटकं लिहिली, पूर्णवेळ लेखक ते नंतर झाले.

ठाणे-डोंबिवलीच्या मुलांना एक सोय असते, ती पालकांनीही ओळखावी. लातूरहून पुण्याला आलेल्या मुलाला नोकरी सुटताच खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे भागवायचे असतात. इथे घर असतं, जेवण असतं. फ्लॅटचा हप्ता मुलाच्या पगारावर लावलेला नसेल, तर हे छप्पर म्हणजे सहा महिन्यांची शिष्यवृत्तीच आहे. म्हणून मुलाच्या पहिल्या पगाराच्या भरवशावर मोठं कर्ज काढू नये. त्याचं पुढचं पाऊल आई-वडिलांच्याच सहीने अडकतं.

निर्णय झाला, तर कागद नीट गोळा करावेत: रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं प्रमाणपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६. पीएफच्या खात्यात सोडल्याची तारीख चढली आहे का, हेही पाहावं. आणि एक गोष्ट अगदी हमखास राहून जाते. कंपनीच्या आरोग्य विम्यात अनेक मुलांनी आई-वडिलांची नावं घातलेली असतात आणि ते संरक्षण बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच संपतं. घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे नोटीस चालू असतानाच एचआरला आणि विमा कंपनीला विचारून घ्यावं.