गोठलेल्या तळ्यावरील मासेमारी : हंगामाची अखेर व बर्फाची पारख

आपल्या मासिकांत शेततळीं, गांवतळीं व त्यांतील मत्स्यसंवर्धन यांविषयीं वेळोवेळीं माहिती येत असते. ती वाचून कित्येक सभासदांनीं आपल्या तळ्यांत रोहू, कटला व मृगळ यांचें बीज सोडलें आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र दूरदेशचा आहे. जेथें हिवाळ्यांत तळ्याचें पाणी दगडासारखें घट्ट होतें, तेथील लोक त्याच पाण्यावर चालत जाऊन, त्यास भोंक पाडून मासे कसे धरतात, आणि हंगाम सरतेवेळीं त्यांस कोणती सावधगिरी बाळगावी लागते, हें येथें सांगावयाचें आहे.

आम्हांस याचा उपयोग काय, असें वाचक विचारतील. उपयोग दुहेरी आहे. पाण्याचा जो धर्म तेथें माशास जगवितो किंवा मारतो, तोच आपल्याही तळ्यांत चालतो. दुसरें असें, कीं आज पुष्कळ शेतकरी कुटुंबांतील मुलेंमुली नोकरीनिमित्त थंड देशांत राहतात व आईबाप त्यांजकडे जातात. त्यांतील एखाद्याचा जीव या माहितीनें वांचला, तरी लेखाचें सार्थक झालें.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला आहे. निवृत्तीनंतरचा एक हिवाळा अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत मुलीकडे काढण्याचा योग आला. दहा एकरांहून मोठीं अशीं ११,८४२ तळीं एकट्या या संस्थानांत आहेत. आपल्याकडे पाऊस उघडला म्हणजे जसा माणूस शेताकडे निघतो, तसा तेथें तळें गोठलें म्हणजे माणूस तळ्याकडे निघतो.

पाणी वरूनच कां गोठतें

बहुतेक पदार्थ थंड होतां होतां आकसतात व जड होतात. पाणी मात्र ४ अंश सेंटिग्रेडपर्यंत जड होत जातें आणि त्याखालीं उलट हलकें होऊं लागतें. म्हणून शरद् ऋतूंत तळ्याचें सर्व पाणी ४ अंशांपर्यंत निवाल्यावर, त्याहून थंड झालेलें पाणी वरच राहतें व शून्य अंशावर वरच्या वर गोठतें. बर्फ पाण्याहून हलकें असल्यामुळें तें तरंगतें. त्याचे सुमारें नऊ दशांश पाण्यांत व एक दशांश वर राहतो. तळाशीं ४ अंशांच्या आसपासचें पाणी राहतें व त्यांत मासे हिवाळा काढतात. पाण्याचा हा एक गुण नसता, तर थंड देशांतील उथळ तळीं तळापासून गोठून जातीं व मासा निर्वंश होता.

साधनें व रीत

प्रथम पहारीनें बर्फ ठोकीत ठोकीत पुढें जावयाचें. जागा ठरली म्हणजे मोठ्या गिरमिटानें भोंक पाडावयाचें. मिनेसोटांत भोंकाचा व्यास १४ इंचांहून अधिक असूं नये असा कायदा आहे. भोंकांत सांचणारा बर्फाचा चुरा काढण्यास आपल्या जिलबीच्या झाऱ्यासारखा झारा असतो. काठी हातभर लांबीची, दोरा बारीक, व गळ लहान. कारण थंड पाण्यांत मासा मंद असतो व आमिष हळूच तोंडांत घेतो. आमिष म्हणून लहान मासोळी अगर अळी लावितात. दुसरी एक युक्ति अशी आहे, कीं भोंकावर आडवी पट्टी ठेवून तिला लहानसा बावटा जोडतात. माशानें दोरा ओढला म्हणजे बावटा आपोआप उभा राहतो, आणि धरणारा दुरून पाहून धांवत येतो. उन्हाळ्यांत तेथें एका माणसास एकच दोरी लावण्याची मुभा आहे, बर्फावर दोन लावतां येतात.

थंडीच्या भरांत लोक बर्फावर खोपटीं उभारतात, आंत शेगडी पेटवितात. तथापि हीं खोपटीं मार्चमध्यें उचलावींच लागतात. दक्षिण भागांत मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत, उत्तर भागांत तिसऱ्या सोमवारपर्यंत, अशी मुदत सरकारनें घालून दिली आहे. कारण बर्फ वितळल्यावर मागें राहिलेलें खोपटें तळ्याच्या तळाशीं जातें व पाणी नासवितें.

अखेरचा हंगाम कां फळतो

ऐन हिवाळ्यांत बर्फावर हिमाची जाड गोधडी पडलेली असते. तिच्यामुळें उजेड आंत जात नाहीं, पाणवनस्पति प्राणवायु करीनाशा होतात, आणि कुजणारा पाला आहे तो प्राणवायु खात राहतो. मासा सुस्त होऊन खोल पाण्यांत पडून राहतो. मार्चमध्यें ऊन चढलें म्हणजे हिम वितळतें, उजेड पुनः पाण्यांत उतरतो, आणि वितळलेलें ताजें पाणी ओढ्यानाल्यांतून व भोंकांतून तळ्यांत शिरतें. त्याबरोबर प्राणवायु व खाद्य दोन्हीं येतात. शिवाय कित्येक जातींच्या विणीचा काळ जवळ येत असतो. पाइक नांवाचा मोठा शिकारी मासा बर्फ सुटतांच कांठच्या गवताळ उथळांत अंडीं घालतो. वॉलाय व पर्च हे त्याच्या मागोमाग. म्हणून हे मासे कांठाकडे व ओढ्याच्या मुखाकडे सरकूं लागतात व आमिषावर झडप घालतात.

विणीपूर्वीं मासा असा हातीं लागतो म्हणूनच कायदा आड येतो. मिनेसोटांतील तळ्यांत वॉलाय व पाइक यांची धरणी फेब्रुवारीअखेरीस बंद होते ती मे महिन्यांत खुली होते. पर्च, क्रॅपी व सनफिश हे मात्र त्या काळांतही धरतां येतात. अखेरच्या बर्फावरील गर्दी ती याच माशांकरितां.

येथेंच सर्व अनर्थाचें मूळ आहे. ज्या उन्हानें मासा कांठाकडे येतो, तेंच ऊन माणसाच्या पायाखालील बर्फ पोखरीत असतें.

जाडी आणि जोर

मिनेसोटाच्या सरकारी खात्यानें कोष्टक दिलें आहे : पायीं जाण्यास निदान ४ इंच, हिमावरून धांवणाऱ्या लहान यंत्रगाडीस ५ ते ७ इंच. पण हे आंकडे नव्या, स्वच्छ, कठीण बर्फाचे आहेत. हिम भिजून झालेल्या पांढऱ्या बर्फाचा जोर निम्माच धरतात. तेथें जाडी दुप्पट पाहिजे. आणि कोणतेंही बर्फ पूर्णपणें निर्धोक नाहीं, असा इशारा त्याच कोष्टकासोबत दिलेला असतो.

मार्चमधील एका दुपारीं शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, माझे जांवई व मी असे तळ्यावर गेलों. वृद्धाचा जन्म तेथला व बर्फावर जाण्याचा परिपाठ लहानपणापासूनचा. कांठापासून पन्नासएक पावलांवर त्यांनीं भोंक पाडलें. मीं पट्टी टाकून पाहिलें, तों १४ इंच! कोष्टकांत ४ इंच आणि येथें साडेतीनपट; मला वाटलें, आतां बैलगाडी नेली तरी हरकत नाहीं. मीं पुढें चालावयास लागलों, तों म्हाताऱ्यानें माझा दंड धरला. कांहीं न बोलतां त्यांनीं पहार उचलून एक तडाखा दिला. हिवाळ्यांत जेथून खणखण आवाज येई, तेथून भस्स असा आवाज आला, आणि बर्फाचा तुकडा फुटून त्याच्या उभ्या काड्या काड्या झाल्या, जणुं मेणबत्त्यांची जुडी सुटली. ते जांवयांस कांहीं म्हणाले. जांवयांनीं मला सांगितलें, "ते म्हणतात, बाबा, गेल्या आठवड्यांत हें बर्फ होतें, आज नुसत्या काड्या उभ्या आहेत. परत फिरूं." मासे पायाखालीं होते, गळ तयार होते, तरी आम्हीं गळ न टाकतां परत फिरलों. पांचव्या दिवशीं वारा सुटला, आणि त्या जागीं काळें पाणी लाटा मारीत होतें.

याचें कारण असें. तळ्याचें बर्फ उभ्या स्फटिकांचें, एकास एक चिकटून झालेलें असतें. वसंतांतील ऊन आंत शिरून प्रथम या स्फटिकांचे सांधे वितळवितें. जाडी तितकीच दिसते, पण सांधा सुटलेला असतो. रात्रीं गारठा पडला म्हणजे सांधे पुनः थोडे धरतात, म्हणून सकाळीं भक्कम वाटणारें बर्फ दुपारीं दगा देतें. राखेसारखा करडा अगर काळा पडलेला रंग, भोंकांतून खालीं झिरपून जाणारें वरचें पाणी, कांठाशीं सुटलेली फट, हीं सर्व परत फिरण्याचीं चिन्हें. ओढ्याचें मुख, झऱ्याची जागा, पुलाखालची जागा व पाण्याबाहेर आलेलीं लव्हाळीं यांजवळ बर्फ सर्वांत आधीं सुटतें. मीं सारा जन्म आंकडे लिहिण्यांत घालविला. परंतु आंकडा खरा असून जमीन खोटी असूं शकते, हें त्या पहारीच्या तडाख्यानें शिकविलें.

ईरी सरोवरावरील प्रसंग

अमेरिकेच्या पांच महासरोवरांत ईरी हें सर्वांत उथळ. त्याची सरासरी खोली सुमारें ६२ फूट आहे. ता. ७ फेब्रुवारी २००९ रोजीं ओहायो संस्थानाच्या किनाऱ्यालगत शेंकडों माणसें तेथें वॉलाय धरण्यास गेलीं होतीं. हवा उबदार झाली होती, वारा दक्षिणेकडून, म्हणजे किनाऱ्याकडून आंत, वाहत होता. बर्फास एक भेग पडली होती. ती ओलांडण्यास कांहींनीं लांकडी फळ्यांच्या चौकटी टाकून पूल केला व पुढें गेले. मग वाऱ्यानें तो सबंध मैलोगणती पसरलेला बर्फाचा पट्टा किनाऱ्यापासून सुटून आंत सरकूं लागला, पूल पाण्यांत गेला, व माणसें पलीकडे अडकलीं. हेलिकॉप्टरें व हवाई पंख्याच्या होड्या आणून १३० हून अधिक लोकांस सोडविण्यांत आलें. एक गृहस्थ पाण्यांत पडून प्राणास मुकला. बर्फाची जाडी त्या दिवशीं पुष्कळांस पुरेशी वाटली होती. वाऱ्याची दिशा व भेग या दोन गोष्टींचा अर्थ मात्र वेळीं लावला गेला नाहीं. ज्या भेगेवर फळी टाकावी लागते, ती भेग ओलांडूंच नये, हा यांतील धडा.

पाण्यांत पडल्यास

तेथील जाणते एक सोपा हिशेब सांगतात : एक मिनिट, दहा मिनिटें, एक तास. थंड पाण्याच्या धक्क्यानें पहिलें एक मिनिट श्वास आवरत नाहीं. तेवढें घाबरून न जातां काढावें. पुढील सुमारें दहा मिनिटें हातपाय चालतात. बाहेर येण्याची खटपट त्यांत करावी. थंडीनें शुद्ध हरपण्यास तासभर लागतो, म्हणून आशा सोडूं नये. ज्या बाजूनें आलों त्याच बाजूस तोंड करावें, कारण तिकडील बर्फानें आपलें वजन एकदां पेललेलें असतें. गळ्यांत दाभणाची जोडी अडकविलेली असावी. ती बर्फांत रोंवून, पाय मासोळीसारखे हालवीत, पोटावर वर सरकावें. वर आल्यावर उभें न राहतां आडवें लोळत दूर जावें. सोबत्यानें जवळ धांवूं नये. दोर, काठी अगर शिडी पुढें करावी. एकट्यानें तर बर्फावर जाऊंच नये.

जुन्या नोंदी काय सांगतात

विस्कॉन्सिन संस्थानांतील मॅडिसन गांवीं मेंडोटा सरोवर केव्हां गोठलें व केव्हां सुटलें याची नोंद १८५० नंतरच्या दशकापासून ठेविलेली आहे. तिजवरून असें दिसतें, कीं बर्फाचा काळ तेव्हांपेक्षां सुमारें एक महिन्यानें कमी झाला आहे. जपानांतील सुवा सरोवराची नोंद तर तेथील देवस्थानच्या पुजाऱ्यांनीं १४४३ सालापासून ठेविली; पूर्वीं बहुधा दरसाल गोठणारें तें सरोवर अलीकडे पुष्कळ वर्षीं गोठतच नाहीं. तेव्हां अमुक तारखेपर्यंत बर्फावर जाण्यास हरकत नाहीं, असे आजोबांच्या वेळचे आडाखे तेथें आतां चुकूं लागले आहेत. मृग लागला कीं पेरणी, असें म्हणणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास हें निराळें समजावून सांगावयास नको. तिथीवर विसंबण्याचे दिवस गेले. समोरची ओल हातानें पाहावी, तसें तेथें समोरचें बर्फ पहारीनें पाहावें.

आपल्या तळ्यांकरितां बोध

हिमाखालीं उजेड न मिळाल्यामुळें उथळ तळ्यांत प्राणवायु संपून मासे मरतात, यास तेथें हिवाळी मर म्हणतात. त्यावर उपाय म्हणून कांहीं ठिकाणीं यंत्रानें पाण्यांत हवा सोडतात. आपल्याकडे बर्फ नाहीं. पण ओळीनें आभाळ झांकोळलेलें असलें, अगर तळ्यांत शेवाळ व कुजका पाला माजला, म्हणजे तीच अवस्था येते. पहाटे मासे पृष्ठभागीं येऊन तोंडें उघडझांप करूं लागले, तर ती भूक नव्हे. तो प्राणवायूचा तुटवडा होय. अशा वेळीं खाद्य व शेण टाकणें बंद करावें, पंपानें पाणी उंचावरून धार धरून सोडावें, व शक्य असल्यास ताजें पाणी घ्यावें.

वाचकांपैकीं कोणी थंड देशीं गेल्यास त्यानें गोठलेलें तळें अवश्य पाहावें. पण हंगामाच्या अखेरीस कांठावरूनच पाहावें. आणि आंत जाणें झालेंच, तर स्थानिक जाणत्याच्या मागून जावें व तो परत फिरला म्हणजे आपणही परत फिरावें. मासा पुढील वर्षींही तेथेंच असतो.