आईचा रिपोर्ट साऱ्या घराच्या कामाचा

या महिन्याचा आरोग्याचा धडा बैठकीत मोठ्याने वाचा.

कोलेस्टेरॉलचा विषय निघाला की एखादी मावशी हमखास म्हणते, “मी एवढी बारीक, तेल-तूप बेताचं, दिवसभर राबते. मला कशाला तपासणी?” खाण्या-राबण्याचा फरक पडतोच. पण काही घरांत जास्तीचं कोलेस्टेरॉल जन्मापासूनच असतं. ते जाड-बारीक बघत नाही.

असं का होतं?
आपलं लिव्हर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ओढून घेतं. मोरीची जाळी अर्धी तुंबली की पाणी साचतं, तसं जनुकात दोष असला की एलडीएल रक्तात साचतं आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होत जातात. हे गणित उलगडणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन या डॉक्टरांना १९८५ साली नोबेल मिळालं. जगात साधारण २५० माणसांमागे एकाला हा दोष असतो. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला, मुलगी असो वा मुलगा, तो येण्याची शक्यता निम्मी.

साठीनंतर काय?
“इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय व्हायचंय?” असं म्हणू नका. साठ वर्षांचं साचलेलं आत असतं. पाळी गेल्यावर बाईचा धोका वाढतो. त्यात बीपी, साखर, तंबाखू-मिश्री असेल तर आणखी वाढतो. उतारवयात सुरू केलेल्या गोळीचाही उपयोग होतो.

ओळखायचं कसं?
- घरात पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६० च्या आत हार्ट अटॅक आला होता का?
- टाचेमागच्या जाड शिरेवर किंवा बोटांच्या सांध्यांवर कडक गाठी आहेत का?
- रिपोर्टमध्ये एलडीएल १९० किंवा जास्त आहे का?

एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड किंवा किडनीच्या त्रासानेही आकडा वाढतो, ते डॉक्टर तपासतील. अशा घरातल्या मुलांची तपासणी साधारण दहाव्या वर्षापर्यंत व्हावी.

तपासणी आणि गोळी
रक्ताच्या तपासणीला ‘लिपिड प्रोफाइल’ म्हणतात. गावी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा. आपली कितीतरी मुलं-भावंडं मुंबईत घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, मुलुंडला आहेत. घाटकोपरचं राजावाडी किंवा विलेपार्ल्याचं कूपर ही पालिकेची रुग्णालयं त्यांना जवळ पडतील. एटोरव्हास्टॅटिनसारखी गोळी जनऔषधी दुकानात स्वस्त मिळते. आकडा उतरला म्हणून ती बंद करू नका; उतरला तो गोळीमुळेच. अंग फार दुखलं तर डॉक्टरांना सांगा. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल तर आधी विचारा.

छातीत दाब, जबडा किंवा पाठ दुखणं, दम, घाम हे “पित्त असेल” म्हणून अंगावर काढू नका. १०८ ला फोन लावा.

बैठकीत करा
प्रत्येकीने वहीत आई-वडील, भावंडं, मुलं लिहावीत. कुणाला हृदयाचा त्रास झाला, कितव्या वर्षी, तेही लिहावं. ज्या मावशीचा आकडा जास्त निघेल तिने त्याच दिवशी मुंबईच्या मुलाला आणि सासरी गेलेल्या लेकीला फोन करावा. खुशाली विचारताना एवढं एक वाक्य जास्त: “बाळा, तुझंही रक्त तपासून घे.”