माल कितीला पडतो? जपानी कार्टूनच्या धंद्याचा एक धडा

शाळा उघडण्याच्या दिवसांत बाजारातून एक फेरी मारली तर दप्तर, कंपासपेटी, पाण्याची बाटली यांवर निळ्या मांजराचे चित्र हमखास दिसते. हा डोरेमॉन जपानचा. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ज्यांनी ‘जंगल बुक’ पाहिले, त्यांचा मोगलीही जपानी कंपनीचाच होता. मुलांची ही करमणूक व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही वाचक विचारतील. कारण असे की जपानी कार्टूनचा, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘आनिमे’चा इतिहास हा हातकामाच्या धंद्याचा इतिहास आहे. नगावर मजुरी, ठेका, चढाओढ, दिवाळे, सगळे त्यात आहे. आणि आपल्या दुकानात व कारखान्यात रोज उभा राहणारा एक प्रश्नही त्यात आहे : गिऱ्हाईक मिळावे म्हणून खर्चापेक्षा कमी भावात माल द्यावा काय?

धंद्याची सुरुवात

जपानमध्ये अशी चित्रे १९१७ पासून तयार होऊ लागली. मोठा कारखाना उभा राहिला तो महायुद्धानंतर, १९५६ साली. त्याचे नाव तोएई. १९५८ साली तोएईने ‘हाकुजादेन’ हा पूर्ण लांबीचा रंगीत चित्रपट काढला. काम फार किचकट. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. हालचाल सफाईदार दिसायची तर सेकंदाला १२ ते २४ चित्रे हाताने काढावी लागत. मग ती पारदर्शक पत्र्यांवर उतरवून रंगवायची. एका चित्रपटासाठी शेकडो हात महिनोन्‌महिने राबत. असा माल टेलिव्हिजनला दर आठवड्याला पुरवता येईल, असे कोणाला वाटत नव्हते.

तेझुका यांचा सौदा

ओसामू तेझुका हे वैद्यकीचे शिक्षण घेतलेले, पण चित्रकथांनी घराघरांत पोचलेले गृहस्थ. १९६१ साली त्यांनी ‘मुशी प्रॉडक्शन’ हा स्वतःचा कारखाना काढला. १ जानेवारी १९६३ रोजी त्यांची ‘तेत्सुवान अतोमू’ ही यंत्रमानव मुलाची मालिका फुजी टेलिव्हिजनवर सुरू झाली. बाहेरच्या जगात ती ‘ॲस्ट्रो बॉय’ म्हणून ओळखली जाते. १९६६ अखेरपर्यंत तिचे १९३ भाग झाले.

काम वाचवण्याच्या युक्त्या त्यांनी शोधल्या. एकच चित्र तीन चौकटींना वापरले, म्हणजे सेकंदाला आठ चित्रांत भागले. बोलताना फक्त तोंड हलवले. धावण्याची, उडण्याची चित्रे जपून ठेवून पुन्हा पुन्हा लावली. कमी साधनांत काम साधण्याचे हे कसब खरोखर शिकण्यासारखे आहे.

पण भाव ठरवताना त्यांनी एक भाग तयार करायला जो खर्च येई, त्याहून बऱ्याच कमी रकमेला तो दिला. ही तूट भरली जोडउत्पन्नाने. मेजी ही मिठाईची कंपनी मालिकेची जाहिरातदार होती. तिने चॉकलेटच्या डब्याबरोबर अतोमूची चिकटचित्रे दिली आणि मुलांच्या उड्या पडल्या. खेळणी व इतर वस्तूंवर चित्र छापण्याच्या परवान्याचे पैसे आले. अमेरिकेतही मालिका विकली गेली. घर चालले.

बाजाराने काय केले?

मालिका चाललेली पाहून त्याच वर्षी आणखी नव्या मालिका सुरू झाल्या. टेलिव्हिजनवाल्यांना मात्र एक भाव माहीत झाला होता. ज्यांच्याकडे अतोमूसारखे खपणारे पात्र नव्हते, त्यांनाही त्याच्या आसपासच्या भावात माल द्यावा लागला. कारागिरांची मजुरी त्या भावातूनच निघायची. सगळा दोष एकट्या तेझुकांवर टाकणे न्यायाचे होणार नाही, कारण पुढच्यांनाही भाव वाढवून मागता आला असता. पण एकदा उतरलेला भाव वर नेणे किती कठीण, हे प्रत्येक व्यापारी जाणतो. मुशीलाही हा व्यवहार झेपला नाही. जोडउत्पन्न आटले, खर्च तसाच राहिला आणि १९७३ साली तिचे दिवाळे निघाले.

चित्र काढणारा मागेच

मुशीतून बाहेर पडलेल्यांनी १९७२ साली ‘सनराइज’ काढली. तिची ‘गुंडाम’ मालिका १९७९ साली आली. प्रेक्षक थोडे, खेळणी खपेनात, म्हणून ठरलेल्या ५२ भागांऐवजी ती ४३ भागांतच आटोपली. नंतर बांदाई कंपनीने जुलै १९८० मध्ये ३०० येनला जोडणीचे प्लास्टिकचे नमुने आणले आणि दुकानांपुढे रांगा लागल्या. पुढे १९९४ साली बांदाईने सनराइजच आपल्याकडे घेतली.

१९९० नंतर अनेक कंपन्यांनी मिळून भांडवल घालायची पद्धत रूढ झाली. हक्क भांडवल घालणाऱ्यांचे. चित्रे काढणाऱ्या कारखान्याला बहुधा ठरलेली मजुरीच मिळते. २०१५ साली जाहीर झालेल्या पाहणीत, मधली चित्रे काढणाऱ्या कारागिरांची सरासरी कमाई वर्षाला सुमारे ११ लाख येन निघाली. जपानी नोकरदाराच्या तेव्हाच्या सरासरीच्या ती तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होती.

दुसरी वाट

उजी गावात १९८१ साली, पूर्वी मुशीत रंगकाम केलेल्या एका गृहिणीने शेजारच्या बायकांना घेऊन रंगकामाचे ठेके घ्यायला सुरुवात केली. त्यातून ‘क्योटो ॲनिमेशन’ उभी राहिली. तिने नगावरच्या मजुरीऐवजी पगार दिले, स्वतःची शिकवणी शाळा काढली, आणि पुढे स्वतःच कथा प्रसिद्ध करून त्यांवर मालिका केल्या, म्हणजे हक्क घरात राहिला. जुलै २०१९ मध्ये एका माणसाने लावलेल्या आगीत तिथली ३६ माणसे गेली. त्या धक्क्यातूनही कंपनीने काम पुन्हा सुरू केले.

आपण काय घ्यावे?

१. जोडउत्पन्नाच्या भरवशावर मूळ मालाचा भाव पाडू नये. जोडउत्पन्न आटते, भाव मात्र खालीच राहतो.

२. सवलत द्यायचीच तर मुदत घालून द्यावी, आणि बिलावर मूळ भाव लिहून सवलत वेगळी दाखवावी.

३. नमुना आपला असेल तर त्याचे नाव व हक्क आपल्याकडे ठेवावे. दुसऱ्याचे चित्र परवान्याशिवाय दप्तरावर छापणे हा कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात असावे.

४. हात तयार करायला वर्षे लागतात. मजुरीतून काढलेली बचत पुढे कारागीर गमावून भरावी लागते.

आम्ही वाचकांना एकच काम सांगतो. आज दुकान बंद केल्यावर आपल्या एका मालाचा हिशोब वहीत मांडा. कच्चा माल, भाडे, वीज, उधारीत अडकलेला पैसा लिहा. त्याखाली घरच्या माणसांची मजुरी लिहा, आणि स्वतःचीही. पुष्कळांच्या वहीत या दोन ओळी नसतात. बेरीज विक्रीच्या भावापेक्षा जास्त निघाली, तर ती तूट कोण भरतो आहे, हे त्याच दोन ओळींत दिसेल.