जुना फ्लॅट विकायचाय? आधी गिऱ्हाइकाचा खिसा बघा

मागच्या व्हिडिओत आपण धंद्याचं अडकलेलं भांडवल मोकळं कसं करायचं ते बघितलं. त्यानंतर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला: सर, दुसरा फ्लॅट काढायचाय, विकण्याआधी त्यात किती खर्च करू?

बऱ्याच जणांचं ठरलेलं असतं. नवीन किचन, हॉलला फॉल्स सीलिंग, चार-पाच लाख घालू आणि तेवढे वाढवून मागू. थांबा. आधी समोरच्याचा हिशोब मांडू.

समजा पुण्यातला तुमचा टू बीएचके ६० लाखांना जाणार आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते. म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ लाख त्याचे स्वतःचे. वर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार (घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट). नोंदणी फी ३० हजार. झाले साडेसोळा लाख! दलाली आणि सामान हलवणं वेगळंच.

आता कळलं? तुमच्या हॉलमध्ये उभा असलेला माणूस एफडी मोडून आलेला आहे. तुमचं सीलिंग त्याला आवडेलही, पण त्याचे जादा पैसे द्यायला त्याच्याकडे काही उरलेलं नाही. बँकेचा व्हॅल्युअरसुद्धा क्षेत्रफळ, इमारतीचं वय, आजूबाजूचे दर आणि मंजूर नकाशा बघतो. तुमच्या ट्रॉल्यांचा रंग नाही. गिऱ्हाइकाच्या डोक्यात भीती एकच: राहायला आल्या आल्या अजून दोन लाख लागणार का? तुमचा खर्च ही भीती काढण्यासाठी हवा.

म्हणून पहिला नंबर ओलीचा. बाथरूमच्या मागची भिंत, खिडकीखालचा कोपरा, छताचा डाग. यावर नुसता रंग मारू नका, पहिल्या पावसात पोपडे निघतात आणि मग माणूस सगळ्याच गोष्टींवर संशय घेतो. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. टेरेसमधून किंवा बाहेरच्या पाइपातून येत असेल तर दुरुस्ती सोसायटीची, लेखी अर्ज द्या. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येत असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे तो खर्च वरच्या सभासदाचा. भांडू नका, पण सोडूही नका. वॉटरप्रूफिंग झालं की भिंत पूर्ण वाळू द्या, मगच पुट्टी आणि रंग. ऑफ-व्हाइट पुरे. मुलांच्या खोलीतला जांभळा रंग तुम्हाला प्रिय असेल, पण घेणाऱ्याला तो रंगाऱ्याचं बिल दिसतो.

बाकी कामं किरकोळ. गळके नळ, फ्लश, पिवळी पडलेली स्विचबोर्डं, अडकणारी सरकती खिडकी, फाटलेली मच्छरजाळी, टाइल्सच्या सांध्यांत नवं ग्राउट. एक चांगला प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन दोन-तीन दिवसांत उरकतात.

भिंत पाडून हॉल मोठा करणं, बाल्कनी आत घेणं मात्र नको. मंजूर नकाशाशी जुळलं नाही तर गिऱ्हाइकाचं कर्जच अडकतं आणि ठरलेला सौदा मोडतो.

बिलं जपून ठेवा. रंग आणि किरकोळ दुरुस्ती सहसा कॅपिटल गेनच्या हिशोबात धरता येत नाही, पण मागे घरात कायमस्वरूपी मोठी सुधारणा केली असेल तर ती धरता येते. तुमच्या सीएंना सौद्याआधी विचारा, नंतर नाही.

आणि जाहिरातीचे फोटो सगळ्यात शेवटी. जादा कपाट, मोडका सोफा, गॅलरीतली सायकल आधी हलवा. सकाळच्या उजेडात, पडदे उघडून, सगळे दिवे लावून काढा. मोबाइल पुरतो, फक्त कॅमेऱ्याची काच पुसून घ्या.