चालत्या यंत्रांतील स्मृतीची वाटणी

बँकेचें किंवा मोठ्या रुग्णालयाचें सर्व्हर-यंत्र पाहण्यास गेल्यास कपाटाएवढी एकच पेटी दिसते. परंतु तिच्या पोटांत दहा-वीस स्वतंत्र संगणक नांदत असूं शकतात. प्रत्येकाची ऑपरेटिंग सिस्टिम निराळी, आणि शेजाऱ्याची स्मृति, म्हणजे मेमरी, कोणासहि वाचतां येत नाहीं. ही राखण करणाऱ्या प्रणालीस हायपरव्हायझर म्हणतात. आय. बी. एम. कंपनीनें २००१ सालीं काढलेल्या पी-६९० या यंत्राचे असे १६ विभाग करतां येत. पण स्मृति कमी-अधिक करावयाची तर विभाग बंद करावा लागे. २००२ सालीं ए-आय-एक्सच्या ५.२ या आवृत्तीबरोबर काम चालू असतांनाच ती बदलण्याची सोय झाली. दिवसा खातेदारांच्या कामास स्मृति जास्त हवी, रात्रीं हिशेबाच्या. तेव्हां ही सोय किती मोलाची हें सहज ध्यानांत येईल. तथापि तिला मर्यादा आहेत, आणि त्या न जाणतां जो वाटणी करतो तो चालतें काम बंद पाडतो.

या वंशांतील आजच्या पॉवर यंत्रांतहि विभाग निर्माण करतांना किमान, इष्ट व कमाल असे तीन आंकडे लिहून द्यावे लागतात. किमान स्मृतीहि शिल्लक नसेल तर विभाग सुरूच होत नाहीं. पुढें चालू स्थितींत जी वाढ अथवा घट करावयाची ती किमान आणि कमाल यांच्या दरम्यानच. कमाल आंकडा वाढवावयाचा तर विभाग बंद करून पुन्हा सुरू केल्यावांचून गत्यंतर नाहीं. मग तो आंकडा आरंभींच भरमसाट कां लिहूं नये? शंका रास्त आहे. स्मृतीचें कोणतें पान खरोखर कोठें आहे याची एक नोंदवही हायपरव्हायझरला ठेवावी लागते. वर्गांत जास्तींत जास्त किती मुलें येतील हें पाहून आपण जूनमध्यें हजेरीपट आंखतों, त्याप्रमाणें ही वहीहि कमाल आंकड्यावरून आधींच आंखली जाते. पुष्कळ यंत्रांत ती कमाल स्मृतीच्या १/६४ असते. १६ गिगाबाइट वापरणाऱ्या विभागाची मर्यादा ५१२ लिहिली तर ८ गिगाबाइट नुसत्या वहींत गेले. मर्यादा ३२ लिहिली असती तर अर्ध्या गिगाबाइटांत भागलें असतें.

स्मृति देणें सोपें. ती सारख्या आकाराच्या ठोकळ्यांनीं विभागाच्या हवालीं केली जाते. काढून घेणें मात्र निराळें. वसतिगृहाची एखादी खोली दुसऱ्या कामास हवी असल्यास तींत निजलेल्या मुलांस आधीं अन्यत्र खाटा द्याव्या लागतात; तसेंच ठोकळा सोडण्यापूर्वीं त्यांतील भरलेलीं पानें ऑपरेटिंग सिस्टिमला दुसरीकडे हलवावीं लागतात. मोकळी जागा नसेल तर तीं डिस्कवर जातात, आणि डिस्क स्मृतीच्या मानानें फार मंद असल्यामुळें सारा विभाग रखडूं लागतो. याच यंत्रांवर लिनक्सहि चालतें. त्याच्या गाभ्याचीं कांहीं पानें तर जागचीं हलतच नाहींत, व तीं ज्या ठोकळ्यांत असतील तो सुटत नाहीं. म्हणून ८ गिगाबाइट मागून ५ च हातीं येणें असंभवनीय नव्हे.

डेटाबेसची गोष्ट याहून नाजूक. तो सुरू होतांनाच आपल्यासाठीं मोठा साठा बांधून घेतो. विभागास नवी स्मृति दिली तरी हा साठा आपोआप वाढेलच असें नाहीं. काढून घेतल्यास मात्र ताण तत्काळ बसतो. स्मृति अगदींच संपली तर लिनक्स एखादा कार्यक्रम स्वतःच ठार करतें, आणि बळी बहुधा सर्वांत जास्त जागा व्यापणाराच, म्हणजे डेटाबेसच, पडतो. यास्तव घट करणें ती थोडी थोडी करावी, आणि प्रत्येक वेळीं पानें डिस्कवर किती जात-येत आहेत हें पाहून मगच पुढें जावें. मिसर देशांत योसेफानें सुकाळांतच धान्याचा पंचमांश बाजूस काढला होता. कांहीं स्मृति कोणासहि न देतां राखून ठेवणें हें ऐन वेळीं दुसऱ्याची हिसकावण्यापेक्षां मला अधिक शहाणपणाचें वाटतें.

आणखी एक गोष्ट वारंवार विसरली जाते. चालू विभागांत केलेला फेरफार त्याच्या मूळ प्रोफाइलमध्यें आपोआप उतरलाच असेल असें धरूं नये. उतरला नसेल तर विभाग बंद करून त्या प्रोफाइलवरून पुन्हा चालू केल्यावर जुनेच आंकडे परत येतात, आणि सहा महिन्यांपूर्वीं दिलेली स्मृति कोठें गेली याचा शोध सोमवारीं सकाळीं, खातेदार दारांत उभे असतांना, घ्यावा लागतो.