लेन्सचा माउंट बदलताना फोकस कसा राखावा?

जुन्या कॅमेऱ्यांच्या चांगल्या लेन्स सेकंडहँड बाजारात कमी किमतीत मिळतात; पण त्या दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर बसत नाहीत. मागचा माउंट काढून दुसरा बसवला की तीच लेन्स पुन्हा कामाला येते. हा हुन्नर घरी शिकता येतो व भांडवलही थोडे लागते. मात्र वरून चार-पाच स्क्रूंचे दिसणारे हे काम प्रत्यक्षात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे आहे. तेवढे साधले नाही तर लेन्स बसते, पण फोटो अस्पष्ट येतो.

आधी हिशेब, मग स्क्रू

माउंटच्या तोंडापासून फिल्मपर्यंतचे किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक माउंटसाठी ठरलेले असते. लायका आर ४७ मि.मी., निकॉन एफ ४६.५, ऑलिंपस ओएम ४६, पेंटॅक्स के ४५.४६, कॅनन ईएफ ४४ आणि जुना कॅनन एफडी ४२. नियम सोपा आहे. जास्त अंतराची लेन्स कमी अंतराच्या कॅमेऱ्यावर नेता येते, उलट नाही.

उदाहरणार्थ, ऑलिंपसची ५० मि.मी. लेन्स कॅनन ईएफवर न्यायची आहे. फरक २ मि.मी.चा, म्हणून नवा माउंट जुन्यापेक्षा बरोबर २ मि.मी. जाड हवा. उलट एफडी लेन्स ईएफवर बसवल्यास ती २ मि.मी. पुढे राहते आणि ५० मि.मी. लेन्स सुमारे सव्वा मीटरच्या पलीकडचे काही स्पष्ट दाखवत नाही.

चूक किती महाग पडते?

लेन्सच्या फोकल लांबीचा वर्ग करून त्याला चुकीने भागा. ५० मि.मी. लेन्सचा माउंट ०.१ मि.मी. जास्त जाड झाला, तर २५०० भागिले ०.१ म्हणजे २५ मीटर. त्यापलीकडे फोकस जाणार नाही. २८ मि.मी. लेन्समध्ये तेवढीच चूक ही मर्यादा आठ मीटरवर आणते. वाइड लेन्स म्हणूनच जास्त काटेकोर असते.

कामाची पद्धत

१. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस पद्धतीचे असतात. साध्या फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांची डोकी खराब होतात. योग्य ड्रायव्हरच घ्या.

२. माउंट काढण्यापूर्वी त्याची दिशा खुणेने नोंदवा. खाली पातळ पत्र्या, म्हणजे शिम, असल्यास त्या कुठे होत्या ते लिहून ठेवा.

३. जुना व नवा माउंट मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजा.

४. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एक बाजू वर राहिली तर फोटोची एकच कड अस्पष्ट येते.

५. फोकस अनंतावर ठेवून लेन्सचे मागचे टोक आरशाला लागत नाही, याची खात्री करा.

तपासणी

कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, डायफ्राम पूर्ण उघडा आणि किमान एक किलोमीटर दूरची इमारत पाहा. डिजिटल कॅमेऱ्यात पडद्यावर चित्र मोठे करा. फिल्म कॅमेऱ्यात मागचे झाकण उघडून शटर बी वर ठेवा आणि फिल्मच्या जागी घासलेली काच धरा. रिंग टोकाला पोहोचण्याआधीच चित्र स्पष्ट झाले तर माउंट पातळ आहे, शिम घाला. टोकालाही स्पष्ट झाले नाही तर तो जाड आहे. टोकाला ५० मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसत असेल, तर ५० मि.मी. लेन्समध्ये जादा जाडी ०.०५ मि.मी. समजा. कागदाची शिम वापरू नका, ती दबते. पितळी पत्रीच घ्या.

एसएलआरमध्ये लेन्सच्या बाजूची चूक व्ह्यूफाइंडरमध्येही दिसते, त्यामुळे डोळा सावध करतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात तसे नसते. तिथे खिडकीत बरोबर आणि फिल्मवर चूक असे होऊ शकते. नवशिक्याने तिथे हात घालू नये.

पहिल्या लेन्स स्वतःच्या व बिनकिमतीच्या असाव्यात. गिऱ्हाइकाची लेन्स ही अमानत आहे. तिचा मूळ माउंट, स्क्रू आणि शिम पुडीत बांधून परत द्या. लग्नाचे फोटो दुसऱ्यांदा काढता येत नाहीत. म्हणून अनंताची तपासणी झाल्याशिवाय लेन्स दुकानाबाहेर जाऊ देऊ नका.