घामाचे काम

वैशाखात शेतात काम करताना आपले अंग घामाने भिजते. पौषात पहाटे पिकाला पाणी द्यायला गेलो, की हुडहुडी भरते. घाम आणि हुडहुडी, दोन्ही न बोलावता येतात. का बरे येतात?

शरीराला ठरावीक ऊब लागते. निरोगी माणसाच्या अंगात ही ऊब सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. बाहेर ऊन असो की थंडी, तिच्यात फारसा फरक पडत नाही. ही राखण मेंदू करतो.

ती कशी चालते? पिकाला पाणी देताना एकजण मोटारीपाशी असतो, दुसरा वाफ्यावर दारे धरतो. वाफे भरले की दुसरा हाळी देतो, "भरलं रे, बंद कर!" पहिला मोटार बंद करतो. हाळी आली नाही, तर पाणी वाहतच राहील.

अंगातही अशीच बातमी जाते. उन्हाने रक्त तापले की मेंदूला कळते. मेंदू हुकूम देतो, "घाम सोडा." घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी असेच गार होते. अंग निवले, की तीही बातमी मेंदूला पोचते आणि घाम थांबतो. थंडीत स्नायू थरथरतात, त्यातून ऊब तयार होते. पुरेशी ऊब आली, की थरथर थांबते. बातमी, हुकूम, काम आणि पुन्हा बातमी. हे चक्र झोपेतही चालू असते.

ब्लॅगडेन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १७७५ साली एक हकिगत छापली. तो आणि त्याचे सोबती लंडनमध्ये एका तापवलेल्या खोलीत शिरले. खोलीतली कोरडी हवा उकळत्या पाण्याहून गरम होती. तिथे ठेवलेली अंडी शिजली. माणसे मात्र काही मिनिटांनी सुखरूप बाहेर आली. घामाने त्यांना राखले.

पण घामाला पाणी लागते. अंगातले पाणी सरले, तर घाम कुठून येणार? दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. अशा वेळी चक्र तुटते. अंगातली उष्णता ४० अंशांच्या वर जाते. राखणदार मेंदूच तापतो. माणूस बरळतो, त्याचा तोल जातो, तो बेशुद्ध पडतो. हा उष्माघात. यात माणूस दगावतो.

म्हणून उन्हात तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. ताक, पेज घ्यावी. लघवी गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडले असे समजावे. भर दुपारी सावलीत बसावे. म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना जास्त जपावे.

कोणी बरळू लागला, तर घाम येत असला तरी थांबू नये. त्याला सावलीत न्यावे. अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनळीत जाते. १०८ वर फोन करून ताबडतोब दवाखान्यात न्यावे. गाडी येईपर्यंत पाणी ओतणे चालूच ठेवावे.

प्रश्न
१. घामाने अंग गार कसे होते?
२. दमट हवेत उकाडा जास्त का सोसत नाही?
३. बेशुद्ध माणसाला पाणी का पाजू नये?